पोंगा

एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी मी आईशी खोटं बोलले. एका शब्दाचंच खोटं. फोनवर तिनं विचारलं, "पोंगा निघाला का गं?" आणि मी म्हणाले, "निघाला." पोंगा म्हणजे केळीच्या मधून वर येणारी नव्या पानाची सुरळी. मी उभी होते तिथून तळघराचा जिना दिसत होता. जिन्याच्या पायथ्याशी, भिंतीतल्या छोट्या खिडकीखाली, कुंडीत केळीचा कमरेएवढा खांब उभा होता. वरून सपाट कापलेला, वाळक्या सोपटांत गुंडाळलेला, भिजून सुकलेल्या पुठ्ठ्याच्या रंगाचा. हिवाळाभर अंधारात आडवा पडलेला तो खांब मी एक एप्रिलला कुंडीत उभा लावला होता. दोन आठवडे उलटले होते आणि त्याच्यात तसूभरही फरक पडला नव्हता. "कितीक वर आलाय?" आईनं विचारलं. "बोटभर," मी म्हणाले. फोन ठेवून चहा टाकला, कपडे धुवायला लावले, लेकीला पोहायला सोडून आले, पण तो 'बोटभर' दिवसभर जिभेवरून उतरेना. लहानपणी आम्ही कच्च्या केळाची साल दातानं सोलायचो, त्यानंतर जीभ जशी आखडते तशी ती आखडून राहिली होती.

त्या दिवशी आईचा आवाज नेहमीचा नव्हता. आधीची दहा मिनिटं ती मामाबद्दल सांगत होती. शुक्रवारी संध्याकाळी रावेरकडे अवकाळी वारा सुटला आणि मामाची निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, केळीची बाग आडवी झाली. केळ काही झाडासारखी पडत नाही. तिची मुळं उथळ. खांब म्हणजे तरी काय, एकात एक घट्ट बसलेले पानांचे देठ, आणि त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी. वर वीस-पंचवीस किलोचा घड लोंबत असतो. वाऱ्याचा जोर आला की ती कमरेत मोडते, आणि मोडताना ओलं धोतर पिळल्यासारखा आवाज होतो. मी लहान असताना एकदा आजोळी रात्री तो आवाज ऐकला आहे. एक आवाज, मग थांबून दुसरा, मग ओळीनं. घरातलं कोणीही उठून बाहेर गेलं नव्हतं, कारण जाऊन करण्यासारखं काही नसतं. सगळे अंथरुणात जागे होते आणि आबा, आईचे वडील, अंधारात मोजत होते, हे मला दुसऱ्या दिवशी त्यांनी मामाला आकडा सांगितला तेव्हा कळलं. "महिन्याभरात कापणीला आले असते घड," आई म्हणाली. अर्धवट भरलेल्या घडाला व्यापारी हात लावत नाही. मग दोन्हीकडे शांतता पसरली. आणि त्या शांततेतून तिनं माझ्या केळीचं विचारलं.

मला नाही म्हणवलं नाही.

ही केळ मी भारतातून आणलेली नाही. कंद, माती असलं काही विमानातून आणता येत नाही. दोन वर्षांपूर्वी आई इथं, डेट्रॉइटजवळच्या आमच्या घरी, उन्हाळा काढायला आली होती. मे महिन्यात आम्ही दोघी टोमॅटोची रोपं आणायला गेलो. दुकानाबाहेर पेट्यूनियाच्या लोंबत्या टोपल्यांच्या मागे, छताखाली, चार-सहा केळीची रोपं ठेवली होती, वीतभर कुंड्यांतली. आई ढकलगाडी सोडून तिकडे गेली. एका रोपाचं पान दोन बोटांत धरून उलटं केलं, सुलटं केलं. कोवळ्या पानावर जांभळट तांबडे डाग होते, कुणी आळित्याचे शिंतोडे उडवावेत तसे. "ही बसराई आहे," आई म्हणाली. कुंडीवरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं ड्वार्फ कॅव्हेंडिश. आईला ते वाचायची गरज नव्हती. घरी आल्यावर मी शोधलं, तर खरंच दोन्ही नावं एकाच केळीची. आमच्याकडे तिला बसराई म्हणतात, बाकी जग बुटकी कॅव्हेंडिश म्हणतं. आबांच्या बागेत सगळी बसराईच होती. पुढे श्रीमंती नावाची जात आली, मग टिश्यूकल्चरची ग्रँड नैन आली आणि बसराई मागे पडत गेली. मामाकडे आता एकही नाही. आईला तिच्या लहानपणीची केळ मिशिगनमधल्या एका दुकानाच्या ओट्यावर भेटली. ती काही बोलली नाही. टोमॅटो मात्र आणायचे राहिले.

त्या उन्हाळ्यात घरात एकच विषय होता. आईनं जळगावहून येताना कालनिर्णय आणलं होतं, ते तिनं फ्रिजच्या बाजूला टांगलं आणि प्रत्येक नवं पान पूर्ण उलगडलं की त्या तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात आकडा टाकायला सुरुवात केली. पान १, पान २. मेमध्ये दोन पानांमध्ये पंधरा-पंधरा दिवस जात होते. जुलैत ऊन तापलं आणि आठव्या-नवव्या दिवशी नवं पान येऊ लागलं. तिचं सांगणं असं, की केळ वयावर निसवत नाही, पानांवर निसवते. पस्तीस-चाळीस पानं झाली की आतल्या कंदातून फूल वर सरकायला लागतं, खांबाच्या मधोमध वाट काढत. तोवर तुम्ही कितीही लाड करा, ती काही देणार नाही. म्हणून हिशोब ठेवायचा. सकाळी उठून ती आधी केळीकडे जायची. सुरळी झालेला पोंगा रात्रीतून किती सरकला ते बोटांनी मोजायची, दोन बोटं, तीन बोटं. पोंग्याला हात मात्र लावू द्यायची नाही. लेकीनं एकदा तो सोडवून बघायचा प्रयत्न केला तेव्हा तिला जवळ घेऊन म्हणाली, "त्याचं त्याला उलगडू दे." गणपतीत आम्ही चार पानं कापली. पानाचं टोक डावीकडे करून नैवेद्य वाढला, आणि गरम वरणभात पडल्याबरोबर पानाचा जो वास सुटला त्यानं आईचं जेवण काही क्षण थांबलं. सप्टेंबरच्या शेवटी ती परत गेली. जाताना कालनिर्णयची पानं फाडून नेली, मे ते सप्टेंबर. तोवर सतरा पानं झाली होती.

दहिवर पडलेलं तिनं पाहिलं नाही, ते एका अर्थी बरं झालं. आमच्या भागात ऑक्टोबरच्या मध्यावर एखाद्या रात्री आभाळ स्वच्छ होतं, वारा पडतो आणि पारा शून्याखाली उतरतो. सकाळी गवत पांढरं. ऊन आलं तशी केळीची पानं माझ्या डोळ्यांदेखत हिरव्याची काळी झाली आणि उकडलेल्या अळूच्या पानांसारखी लटकली. पेशींमधलं पाणी गोठून त्या फुटतात म्हणून असं होतं, हे समजून घेतलं तरी ते दृश्य काही बदलत नाही. कुंपणापलीकडे पोलिश वंशाचे एक म्हातारे गृहस्थ राहतात. ते डेलियाचे आणि कर्दळीचे कंद दरवर्षी तळघरात ठेवतात, आणि त्यांच्या अंगणात एक जपानी केळही आहे. तिला उपटावं लागत नाही. खांब कापून वर तारेची जाळी उभी करायची आणि तीत वाळक्या पानांचा ढीग भरायचा, की जमिनीतला कंद इथल्या उणे वीस अंशांतूनही निभावतो. पण तिची फळं खाण्याजोगी नसतात. माझ्या बसराईला तो उपाय चालणारा नव्हता. ते गृहस्थ स्वतः फावडं घेऊन आले. पानं छाटली, कंदाभोवती गोल खणला, आम्ही दोघांनी मिळून तो गड्डा बाहेर काढला आणि गॅरेजमध्ये खाली डोकं वर पाय असा टेकवून ठेवला. खांबातलं पाणी निथळायला हवं म्हणाले. तीन दिवस ते थेंब खालच्या पुठ्ठ्यावर पडत राहिले. रात्री स्वयंपाकघरातून ऐकू यायचे. त्या दिवशी माझ्या फिक्या कुर्त्यावर चीक उडाला. केळीचा डाग जात नाही. आजोळी बागेत जायचे कपडे वेगळेच असायचे, सगळ्यांचे तपकिरी ठिपक्यांचे. आबांच्या सदऱ्याचा मूळ रंग कोणता, हे तर मला कधी कळलंच नाही. तो कुर्ता मी टाकला नाही.

पहिला हिवाळा माझ्या हातून वाया गेला. त्याची गोष्ट मला नीट सांगायला हवी, कारण ती चूक निष्काळजीपणाची नव्हती. खानदेशात पौषात पारा दहाच्या खाली जातो तेव्हा केळीचे हाल होतात. वाढ थांबते, पानं पिवळी पडतात, निसवायला आलेला घड खांबाच्या तोंडाशी अडकतो. अशा रात्री आबा बांधावर काडीकचरा पेटवून धूर करायचे आणि बागेला पाणी सोडायचे. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, ओली जमीन ऊब धरते, त्यानं बागेचा गारठा थोडा मोडतो. धुराच्या वासात, कंदिलाच्या उजेडात, गुडघाभर वाफेत चालणारे आबा ही माझ्या मनातली थंडीची सगळ्यात जुनी आठवण आहे. थंडी पडली की केळीला रात्री पाणी. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगात होतं. म्हणून डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, दर रविवारी रात्री मी तळघरात उतरायचे आणि त्या बिनपानांच्या गड्ड्यावर तांब्याभर कोमट पाणी घालायचे. पण आबांच्या केळीला पानं होती, मुळं चालू होती, दिवसा ऊन होतं. तळघरात पडलेल्या केळीला यातलं काहीच नव्हतं. ती ते पाणी पिऊच शकत नव्हती. ते तिच्यात साचत गेलं. मार्चमध्ये खांबाला हात लावला तर बोटं आत गेली. नासलेल्या पेजेसारखा आंबूस वास तळघरभर पसरला.

आईला फोनवर दाखवलं. तिनं मला दोष दिला नाही. "चाकू आण," म्हणाली. "मऊ लागतं तेवढं तासत जा, पांढरं लागेपर्यंत." मी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून दोन तास तासत बसले. तपकिरी, मग घाण पिवळं, मग कुठे एका कोपऱ्यात पांढरं, टणक, काकडीसारख्या वासाचं. शेवटी मुठीएवढा तुकडा उरला आणि त्यावर हरभऱ्याएवढा एक डोळा. "त्याला राख लाव आणि कोरड्या मातीत ठेव," आई म्हणाली. त्या डोळ्यातून त्या वर्षीची केळ आली. कालनिर्णयमधले सतरा आकडे आता कामाचे नव्हते. ही त्याच कंदाची खरी, पण हिचा हिशोब पहिल्यापासून सुरू होणार होता. आई जळगावहून मोजत राहिली. मी रविवारी सांगायचे, ती तिकडे लिहायची. तिच्या गुडघ्यांमुळे एवढा लांबचा प्रवास आता तिला झेपत नाही, हे त्याच वर्षी ठरलं.

दुसऱ्या हिवाळ्यात मी पाणी अजिबात घातलं नाही. गड्डा निथळून घेतला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि तळघराच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात, घर तापवणाऱ्या भट्टीपासून जितका लांब ठेवता येईल तितका लांब आडवा ठेवला. तिथं दहा अंशांच्या आसपास असतं. बाजूलाच पावसाचं पाणी उपसणारा पंप आहे. बर्फ वितळायला लागलं की तो रात्री-अपरात्री घरघरतो आणि थांबतो. महिन्यातून एकदा मी खाली जाऊन चादर बाजूला करायचे, खांब अंगठ्यानं दाबून बघायचे, नाकाशी नेऊन वास घ्यायचे आणि परत झाकायचे. काही करायला न मिळणं हे पाणी घालण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. बाहेर सगळी झाडं झोपलेली असतात, पण त्यांची झोप त्यांच्या रक्तातली आहे. सफरचंदाला ठरावीक तास थंडी मिळाली नाही तर ते धड फुलतही नाही. मेपलमध्ये फेब्रुवारी-मार्चमध्ये, बर्फ असतानाच रस चढायला लागतो. त्यांना उठायचं कधी ते ठाऊक असतं. केळीला हिवाळ्याची झोपच ठाऊक नाही. तिच्या मुलखात हिवाळा असा नव्हताच कधी. पारा चौदा-पंधराच्या खाली गेला की ती जिथल्या तिथे थांबते, एवढंच. मधलं पान अर्ध्यावर, मूळ अर्ध्यावर. बोलता बोलता कुणी वाक्यात थांबावं तशी. ते वाक्य तिला पुढे आठवेल की नाही, याची खात्री देणारं तिच्या आत काही नसतं. ती काळजी बाहेरच्यानं करायची.

म्हणून एप्रिलमधल्या त्या रविवारी खांब दोन आठवडे ढिम्म उभा असताना मला जे वाटत होतं ते नुसतं झाडाबद्दलचं नव्हतं. मी या वेळी सगळं बरोबर केलं होतं.

खोटं बोलल्यावर त्या रात्री मी खाली गेले. स्वयंपाकघरातला थर्मामीटर कुंडीतल्या मातीत खुपसला. खोलीत वीस अंश होते, मातीत तेरा. तळघराची काँक्रीटची फरशी एप्रिलमध्येही जमिनीचा गारठा वर ओढत होती आणि कुंडी थेट तिच्यावर होती. हवा गरम म्हणून मी निश्चिंत होते, पण केळीचा जीव कंदात असतो आणि कंद अजून फेब्रुवारीतच होता. दुसऱ्या दिवशी बी रुजवायला वापरतात ती विजेची गरम चटई आणली, कुंडी तिच्यावर ठेवली. मातीतला पारा दोन दिवसांत सव्वीसवर आला. मग आणखी एक काम केलं. धारदार चाकूनं खांबाच्या माथ्यावरून एकेक चकती कापत खाली आले. वरची कागदासारखी कोरडी, पुढची तपकिरी, तिसरी पिवळट आणि पाचवी एकदम पांढरी. काप ओला चमकला. मधोमध, सोपटांच्या गोल गोल वलयांच्या आत, करंगळीएवढा एक गाभा होता. तोच पोंगा, गेल्या ऑक्टोबरात जिथे थांबला तिथला. मी पेननं त्या गाभ्यावर एक ठिपका केला. वरून कापल्यावर बाहेरची सोपटं जागची हलत नाहीत, वाढ असेल तर फक्त तो ठिपका वर येतो. केळ जिवंत आहे का, हे विचारायची एवढी सरळ रीत दुसरी नाही.

ठिपका वर येईना. पहिल्या दिवशी नाही, आठव्या दिवशीही नाही. कापलेला माथा तपकिरी पडत गेला. पुढच्या रविवारी आईनं विचारलं, "पान सुटलं का?" मी म्हणाले, "सुटतंय." त्याच्या पुढच्या रविवारी, "एक झालं. दुसरं येतंय." माझ्या खोट्याला पानं फुटत होती आणि तळघरातल्या केळीला नाही. मी खरं सांगायचं ठरवून फोन लावायचे. मग आई सांगायची की मामानं मोडलेले खांब कापून काढले, ज्यांची मुळं सुटलेली नाहीत त्यांच्या बाजूची पील, म्हणजे कंदातून फुटलेली पिल्लं, ठेवणार म्हणतो, बाकीची बाग नांगरणार. मामा फार बोलत नाही, जेवत नीट नाही. आणि हे सगळं सांगून झालं की तिचा आवाज किंचित वर यायचा. "तुझं काय म्हणतंय पान?" तिला मी काय सांगणार होते? तिच्या आवाजातला तो चढ मला मोडवत नव्हता. पण मी तिला देत होते ते पान माझ्यापाशी नव्हतं, आणि हे असं आईशी करतात का, हा प्रश्न फोन ठेवल्यावर रोज अंथरुणात यायचा. मी दूर राहते. दादा तिथे आहे, तो तिला दवाखान्यात नेतो, औषधं आणतो, रात्री तिचा पाय चेपतो. माझ्या वाट्याला तिच्यासाठी करण्यासारखं एवढंच आलं होतं, दर रविवारी एका पानाची बातमी. आणि तीही मी बनवून सांगत होते.

त्या दिवसांत झोप येईना तेव्हा मी या केळीबद्दल मिळेल ते वाचत बसायचे. कॅव्हेंडिश हे नाव कुठून आलं ते तेव्हा कळलं. इंग्लंडात डर्बीशायरमध्ये चॅट्सवर्थ नावाची मोठी गढी आहे, डेव्हनशायरच्या ड्यूकची. घराण्याचं आडनाव कॅव्हेंडिश. तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन. मॉरिशसमार्गे आलेलं एक केळीचं रोप त्यानं १८३०च्या दशकात काचघरात लावलं, खाली गरम पाण्याची व्यवस्था करून ऊब दिली, आणि त्या धुक्याच्या, गारठ्याच्या मुलखात तिला घड धरायला लावला. त्या फळांना तेव्हा बक्षीसही मिळालं. पुढे त्या केळीचे मुनवे, म्हणजे कंदाची पिल्लं, मिशनऱ्यांबरोबर पॅसिफिकमधल्या बेटांवर गेले. मला हे वाचून पॅक्स्टनचं कौतुक वाटलंच, पण जास्त वाटलं ते आईला हे सांगावंसं. जिला ती तिच्या वडिलांच्या बागेतली म्हणते, तिचं जगातलं नाव एका थंड देशातल्या माळ्यानं ऊब दिल्यामुळे पडलंय. हे सांगायला मी फोन उचलला होता. पण ती पहिलं पोंग्याचंच विचारणार, म्हणून परत ठेवला.

मेच्या पहिल्या आठवड्यात, एका बुधवारी, कामावरून आल्यावर बूट न काढताच मी खाली गेले. ठिपका वर होता. फार नाही, नखाच्या जाडीइतका. मी डोळे चोळले, गुडघ्यांवर बसून बाजूनं पाहिलं. तपकिरी माथ्याच्या मधून एक फिकट, ओलसर, हिरवट पिवळा गोल बाहेर सरकला होता. त्या रात्री अकराला परत पाहिलं तर अर्धं बोट. सकाळी पाऊण बोट. इतके दिवस जी तसूभर हलली नव्हती ती आता दर तासाला हलत होती. लेक शाळेत जायच्या आधी खाली येऊन ओरडली, "आई, ही वाढताना दिसतेय!" आणि खरंच, दहा मिनिटं टक लावून बसलं तर दिसत होती. तेव्हा मी पहिल्यांदा पाणी घातलं, कोमट, वाटीभर, कडेकडेनं.

पोंगा आठवडाभरात वीतभर वर आला आणि उलगडला. पण ते पान पुरं नव्हतं. वरून सरळ रेषेत कापलेलं, कुणी कात्रीनं अर्धं करून ठेवल्यासारखं. मी आधी घाबरले. मग लक्षात आलं, की मी चकत्या कापल्या तेव्हा हे पान आतच होतं, गुंडाळलेलं, अर्धवट वाढलेलं. त्याचा शेंडा माझ्याच चाकूखाली गेला होता. ते पान गेल्या ऑक्टोबरचं होतं. त्यावर आळित्याचे शिंतोडे तसेच होते, फक्त कापाच्या कडेला एक बारीक करडी किनार. मी तळहातावर ते पान घेऊन बराच वेळ बसले. नव्या पानाला एक गारवा असतो, मेणचट, कोवळ्या बाळाच्या टाळूसारखा.

रविवारी मी आईला फोटो पाठवला आणि मग फोन लावला. मनात एक भित्री आशा होती, की फोटो पाहिल्यावर आधीचं सगळं आपोआप खरं होऊन जाईल. पान तर होतं ना, डोळ्यांसमोर. आई चष्मा शोधत होती. दादानं तिला फोटो मोठा करून दाखवला. मग ती कितीतरी वेळ बोलली नाही. तिच्या मागे भांड्यांचा आवाज, रस्त्यावरून जाणारी रिक्षा, कुणाच्या तरी घरातली संध्याकाळची आरती.

"हे तुटकं पान आहे," ती म्हणाली.

"हो."

"आबा पील कापायचे विळ्यानं. कापली की आठ दिवसांत परत वर यायची. पहिलं पान असंच यायचं, तुटकं. दुसऱ्यापासून पुरं." ती थांबली. "तुटकं पान पहिलंच असतं, बाई."

माझ्या घशात काहीतरी अडकलं. मी तिला सांगितलं, की त्या रविवारी पोंगा नव्हता. त्याच्या पुढच्याही नव्हता. पान गुरुवारी उलगडलं. मामाची बाग पडल्याचं तू सांगत होतीस आणि मला नाही म्हणवलं नाही. हे सगळं मी एका दमात बोलले, आणि बोलून झाल्यावर फोन कानाला इतका घट्ट धरला होता की कान दुखत होता.

"गुरुवारी," आई म्हणाली. "सकाळी की संध्याकाळी?"

"सकाळी. मी उठले तेव्हा उघडलेलं होतं."

"बरं. आता उन्हात एकदम काढू नको. आठ दिवस सावलीत ठेव, मग सकाळचं ऊन. रात्रीचा गारठा गेल्याशिवाय बाहेर नाही." मग तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. गुडघे दुखतात म्हणून ती उठताना नेहमी 'आई गं' म्हणते, तसं म्हणाली. "थांब, धर जरा," म्हणाली. तिची पावलं भिंतीकडे गेली, खिळ्यावर टांगलेलं कालनिर्णय हललं, पान मागे उलटल्याची सळसळ झाली. एप्रिल असावा. तिथं माझे सांगितलेले आकडे लिहिलेले होते. ते तिनं खोडले की तसेच राहू दिले, मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. परत सळसळ झाली. पेनाचं टोपण काढल्याचा आवाज.

"गुरुवार," ती स्वतःशीच म्हणाली, लिहिताना म्हणतात तसं सावकाश. "पान एक."